हृदयावर भोसकल्याची जखम: आधी बोट, मग टाका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एकदा सर्जन म्हणून, आणि एकदा पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच खुर्चीत बसलेला मेडिकल ऑफिसर म्हणून. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. सातपुड्याच्या पायथ्याचं ग्रामीण रुग्णालय. हळदीच्या रात्री डीजेवरून भांडण झालं. चोवीस वर्षांचा मुलगा, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला जेमतेम दोन सेंटिमीटरची जखम, बाहेर रक्त फारसं नाही. आला तेव्हा बोलत होता. नाडी 130, वरचं ब्लड प्रेशर 80. तुम्ही दोन सलाइन जोरात सोडली. तो हातपाय झाडायला लागला तशी झोपेचं औषध देऊन श्वासनलिकेत नळी टाकली, आणि 108 मध्ये चढवता चढवताच नाडी गेली. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता. सुई घालून रक्त काढायला हवं होतं का? व्हिडिओत दाखवतात तसा फोलीचा, म्हणजे लघवीसाठी घालतात त्या नळीचा, फुगा घालता आला असता का? आणि धडधडत्या हृदयातून येणारं रक्त थांबवतात तरी कसं?

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: बोटानं. ठिबकची नळी फुटली की आपला शेतकरी आधी अंगठा दाबतो आणि मग पोराला खोपीतून जोडणीचा तुकडा आणायला पिटाळतो. तुकडा सापडेपर्यंत पाणी थांबलेलंच असतं. हृदयाचंही तेच. भोसकल्याच्या बहुतेक जखमा एका बोटाच्या टोकाखाली मावतात. अडचण असते ती बोट तिथवर पोचवण्याची, आणि तोवर रुग्ण जिवंत ठेवण्याची. म्हणून तुमचा खरा प्रश्न टाक्यांचा नाहीच. छाती उघडू शकणारा माणूस तासाभराच्या वाटेवर असताना मधल्या वेळात काय करायचं आणि काय टाळायचं, हा तुमचा प्रश्न आहे. त्यातलं ‘काय टाळायचं’ जास्त महत्त्वाचं, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

हृदयाभोवती पेरिकार्डियमची पिशवी असते. ती तागाच्या बारदानासारखी समजा. बारदान महिनोन्महिने भरत राहिलं तर सैल पडतं, म्हणून क्षयरोगात याच पिशवीत लिटरभर पाणी साठूनही माणूस चालत ओपीडीत येतो. पण एका झटक्यात भरलं तर ते ताणत नाही. 100 ते 150 मिली रक्त, म्हणजे चहाचे दोन कप, अचानक आत साठलं की हृदयाला पसरायला जागा उरत नाही. पसरलं नाही तर भरत नाही, भरलं नाही तर पुढे ढकलणार काय? हा टॅम्पोनेड. भोसकल्याच्या जखमेत पिशवीला पडलेलं छिद्र लहान असतं, ते गुठळीनं बुजतं आणि रक्त आतच कोंडतं. गावठी कट्ट्याच्या गोळीत पिशवी फाटते, रक्त छातीच्या पोकळीत वाहून जातं आणि असा रुग्ण बहुतेक वेळा आपल्या दारापर्यंत पोचतच नाही.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. जो दाब हृदयाला गुदमरवतो, तोच दाब जखमेतून वाहणारं रक्तही रोखून धरतो. तुमचा मुलगा बोलत बोलत आला तो या गुठळीच्या कृपेनं. तिची मुदत मात्र कुणाला सांगता येत नाही. माझ्याकडे अशा अवस्थेत दोन तास तग धरून आलेले आहेत आणि पोर्चमध्ये दहा मिनिटांत गेलेलेही आहेत.

आता ओळखायचं कसं. वर गळपट्टीची हाडं, खाली बरगड्यांची कमान, दोन्ही बाजूंना स्तनाग्रांतून जाणाऱ्या उभ्या रेषा. या चौकोनात, पुढून किंवा पाठीमागून, कुठेही टोकदार वस्तू घुसली असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत ती हृदयाची जखम. चौकोनाबाहेरची जखम म्हणून निर्धास्तही होऊ नका. वरच्या पोटातून तिरकी गेलेली गुप्ती मी उजव्या व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात, पाहिलेली आहे. छातीच्या हाडाला लागून सगळ्यात पुढे उजवं व्हेंट्रिकल असतं, म्हणून सर्वाधिक मार तेच खातं. त्याखालोखाल डावं.

पुस्तकातली त्रिसूत्री सगळ्यांना पाठ असते. 1935 साली क्लॉड बेक या अमेरिकन सर्जननं ती मांडली: ब्लड प्रेशर उतरलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, हृदयाचे ठोके दबलेले. पण ती तिन्ही लक्षणं एकत्र दिसण्याची वाट पाहू नका. रक्त गेलेलं असलं तर मानेच्या शिरा फुगतच नाहीत. आणि हळदीचा डीजे अजून कानात वाजत असताना, शंभर नातेवाईक दाराशी कल्ला करत असताना दबलेले ठोके ऐकू येतील म्हणता? मला तरी कधी आलेले नाहीत. एका लक्षणावर मात्र माझा फार विश्वास आहे, ते म्हणजे बेचैनी. रुग्ण उठून बसू पाहतो, मास्क ओढतो, शिव्या देतो. तोंडाला दारूचा वास असला की आपण म्हणतो, चढलीय. छातीत जखम असलेला माणूस तडफडतोय तर दारूला दोष देण्याआधी टॅम्पोनेडचा विचार करा. तुमचा रुग्ण हातपाय झाडत होता तो मेंदूला रक्त पोचत नव्हतं म्हणून.

सोनोग्राफीचं मशीन असेल आणि ते कुलूपबंद नसेल, तर छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब धरून हृदयाभोवती काळी कड दिसते का, एवढंच पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दिसली तर प्रश्न मिटला. दिसली नाही तर मात्र मिटला असं समजू नका, आणि हे मी ठेच लागून शिकलोय. कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती. डाव्या छातीत चाकू लागलेला एक तरुण आला. सोनोग्राफीत पेरिकार्डियम कोरडं दिसलं. डाव्या छातीत रक्त काढायची नळी टाकली, बाराशे मिली रक्त आलं आणि मग थेंबथेंब. मी म्हटलं, बरगडीखालची धमनी असणार, लक्ष ठेवू. पहाटे नळी गुठळीनं बंद झाली, तो अचानक कोसळला. छाती उघडली तेव्हा उजव्या व्हेंट्रिकलवर सेंटिमीटरभर छिद्र होतं आणि पिशवीच्या फाटेतून ते सारी रात्र डाव्या छातीत रिकामं होत होतं. म्हणूनच पिशवी कोरडी दिसली. तो वाचला नाही. तेव्हापासून चौकोनातली जखम आणि डाव्या छातीत रक्त ही जोडी दिसली की सोनोग्राफीच्या कोरडेपणावर मी विसंबत नाही. शंका राहिली तर ऑपरेशन थिएटरमध्ये छातीच्या हाडाखाली छोटा छेद घेऊन पिशवीला खिडकी पाडतो आणि आतलं पाणी स्वच्छ आहे की लाल, ते डोळ्यांनी पाहतो. सीटीला पाठवण्याचा मोह डळमळीत रुग्णाच्या बाबतीत तर पूर्ण टाळा. सीटीच्या टेबलावर गेलेला माणूस परत आणणं फार अवघड असतं.

तुमच्या दोन सलाइनबद्दल. यात निर्भेळ चूक-बरोबर नाही. टॅम्पोनेडमध्ये हृदय भरायला शिरांतला दाब लागतो, म्हणून थोडं पाणी उपयोगी पडतं. पण ब्लड प्रेशर 120 वर नेण्याच्या नादात लिटरवर लिटर सोडलं तर गुठळी सुटते, रक्त पातळ होतं, अंग गार पडतं. मी अडीचशे मिली सोडतो आणि बघतो. मनगटाला नाडी लागतेय, माणूस हाकेला ओ देतोय, एवढ्यावर थांबतो. गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून द्या; जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच त्याचा फायदा, आणि ते तुमच्या फार्मसीत असतंच. रक्त मिळालं तर सलाइनपेक्षा केव्हाही चांगलं. पुरुषाला गट न तपासता द्यायची वेळ आली तर ओ पॉझिटिव्हही चालतं. दुर्मीळ ओ निगेटिव्ह बाळंतपणाच्या वयातल्या बायकांसाठी राखून ठेवा.

श्वासनलिकेत नळी टाकणं ही मात्र त्या रात्रीची निर्णायक गोष्ट असावी, असं मला वाटतं. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या पिढीत हे सगळ्यांनी केलेलं आहे. टॅम्पोनेडचा रुग्ण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उणे होतो आणि शिरांतलं रक्त हृदयाकडे खेचलं जातं. त्या उधारीवरच तो जगत असतो. आपण झोपेचं औषध देतो, शिरा सैल पडतात. मग फुग्यानं हवा आत ढकलतो, छातीतला दाब उलटा होतो आणि जे काही रक्त परत येत होतं तेही थांबतं. म्हणून थिएटरमध्ये आमची रीत अशी: रुग्ण जागा असतानाच छातीला आयोडीन लावायचं, कापड अंथरायचं, मी गाऊन-ग्लोव्हज घालून हातात ब्लेड धरून उभा, आणि मगच भूल देणाऱ्या डॉक्टरांनी केटामीन द्यायचं. तुमच्याकडे श्वास चालू असेल, तोंडात रक्त-उलटी नसेल, तर ऑक्सिजन लावा, त्याला अर्धवट बसायचं असेल तर बसू द्या आणि गाडी हलवा. श्वासच थांबत आला असेल तर अर्थात नळी टाकावीच लागते. तिथे पर्याय नसतो.

सुईचं काय? पिशवीतलं रक्त बहुतेक गोठलेलं असतं. सुईतून गुठळी येत नाही. जे पातळ रक्त येतं ते कधीकधी थेट व्हेंट्रिकलमधलं असतं आणि आपण समाधान मानून घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्लॅलॉक आणि रॅविच या अमेरिकन सर्जननी सुईनं उपसून वाट पाहण्याचा मार्ग सुचवला होता. पुढे सर्जरीचे निकाल सरस ठरले आणि तो मार्ग मागे पडला. सर्जन हाताशी असताना मी सुई हातात घेत नाही. पण तुमच्या जागी, सर्जन तासभर लांब आणि नाडी डोळ्यांदेखत विरतेय अशा वेळी, सोनोग्राफीखाली सुई घालून पंधरा-वीस मिली जरी निघालं तरी ब्लड प्रेशर वर येऊ शकतं. बारदान काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून थोडं काढल्यानंही मोठा फरक पडतो. जमलं तर बारीक नळी तिथेच ठेवून द्या. ती वाटखर्ची समजा. मुक्कामाला पोचल्यावर छाती उघडावी लागणारच.

आणि पोचायचं कुठे, यावर तुमच्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘हृदयाला लागलंय’ म्हटलं की नातेवाईक हृदयाचा डॉक्टर मागतात. नंदुरबारकडचे सुरतेची वाट धरतात, धुळ्याकडचे नाशिकची. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे. अशा रुग्णाला हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र) लागतं हा समज डॉक्टरांमध्येही आहे, आणि भोसकल्याच्या बहुतेक जखमांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. 9 सप्टेंबर 1896 रोजी फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेननं बावीस वर्षांच्या तरुणाच्या उजव्या व्हेंट्रिकलवरची दीड सेंटिमीटरची जखम रेशमाच्या तीन टाक्यांनी शिवली आणि तो जगला. जखम होऊन दोन दिवस उलटले होते. 1902 साली अमेरिकेत अलाबामात ल्यूथर हिलनं तेरा वर्षांच्या मुलाचं हृदय स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात शिवलं. ना मशीन, ना अँटिबायोटिक, ना रक्तपेढी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार तासांवरच्या हृदयशल्यविशारदापेक्षा तासाभरावरचा, छाती उघडायची हिंमत आणि सवय असलेला साधा जनरल सर्जन केव्हाही बरा. तो कोण आहे, आज ड्यूटीवर आहे का, त्याच्या थिएटरला जनरेटर आहे का, ही माहिती हळदीच्या रात्री शोधायची नसते. आणि निघतानाच फोन करा. ‘छातीत चाकू, प्रेशर 80, सव्वा तासात पोचतो, थिएटर उघडा, रक्तपेढीतून रक्त आणून ठेवा.’ या एका वाक्यानं अर्धा तास वाचतो.

इथवरचं एका दमात: जागा बघून संशय घ्या, अर्ध्या मिनिटात सोनोग्राफी, पाणी बेतानं, श्वास असेल तर नळी नको, फोन आणि गाडी. बस.

हो, आत अडकलेली वस्तू काढायची नाही, हे राहिलंच. एकदा धडगावकडच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी तरुण आला, छातीत तीर. बरोबरच्या म्हाताऱ्या काकानं तीर ओढायला आलेल्या सगळ्यांना हुसकून लावलं होतं, दांडी वितीभर ठेवून करवतीनं कापली होती आणि भोवती गमछाची चुंबळ बांधून आणला होता. प्रत्येक ठोक्याला दांडी हलत होती. तसं सगळीकडे झालं असतं तर! तीराच्या फाळाला मागे वळलेले काटे असतात, ओढला की फाडत येतो. आम्ही छाती उघडून तीराभोवती बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घातला, फाळ मोकळा करून तीर बाहेर काढला आणि त्याच क्षणी नाडी ओढली. ऑपरेशनपेक्षा त्या म्हाताऱ्याचं काम मोठं होतं, असं मी आजही निवासी डॉक्टरांना सांगतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, सविस्तर. रुग्ण कोसळत असेल तर डावीकडे चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून, छातीच्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंत छेद. स्थिर असेल आणि जखम समोरून असेल तर मधलं हाड उभं कापून जाणं जास्त सोयीचं, पण त्याला करवत लागते आणि दोन-चार मिनिटं जास्त. डावीकडून जागा अपुरी पडली तर छेद हाड ओलांडून उजवीकडे नेतो. तेव्हा छातीच्या आतल्या बाजूच्या दोन्ही धमन्या कापल्या जातात. त्या वेळी त्या गप्प असतात, कारण दाबच नसतो. दाब परत आला की पिचकारीसारख्या उडतात. त्या बांधायला विसरू नका. हृदय शिवून झाल्याच्या आनंदात हे विसरलेलं मी पाहिलंय.

पिशवी दिसते ती निळसर, तट्ट फुगलेली आणि घसरडी. दातेरी चिमट्यानं उचलून कात्रीनं टोच द्यायची, आणि बाजूनं खाली जाणाऱ्या फ्रेनिक नसेच्या (श्वासपटल हलवणाऱ्या मज्जातंतूच्या) पुढे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, तिला समांतर उभी फाडायची. जांभळी गुठळी थुलथुलत बाहेर येते. ती हातानं काढली की बहुतेक वेळा ब्लड प्रेशर लगेच वर येतं, हृदय एकदम जोमात धडधडायला लागतं आणि जखमेतून कारंजं सुटतं. नवखा सर्जन इथे घाबरतो. घाबरायचं कारण नाही. रक्त उडतंय म्हणजे हृदय चालतंय. बोट ठेवा. घुसवू नका, भोक मोठं होतं, नुसतं टेकवा. आणि मग श्वास घ्या, भूलतज्ज्ञांना सांगा: ‘रक्त द्या, मी थांबतो.’ बोटाखाली रक्त थांबलेलं असताना चार मिनिटं थांबून रुग्णाला रक्त भरून घेण्यात जो शहाणपणा आहे, तो झटपट टाका मारण्यात नाही. रिकाम्या हृदयावर शिवायला गेलं की ते फडफडायला लागतं, व्हेंट्रिकलची लय बिघडते. तसं झालंच तर थेट हृदयाला लावायच्या आतल्या पॅडलनं 10 ते 20 जूलचा झटका पुरतो. बाहेरून लागतो तेवढा लागत नाही.

टाका 3-0 किंवा 2-0 जाडीच्या पॉलिप्रोपिलीन दोऱ्याचा, मोठ्या वाकड्या सुईचा. सुई बोटाच्या एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, बोट न हलवता. उजव्या व्हेंट्रिकलची भिंत तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. दोऱ्यानं उकडलेलं अंडं कापतात तसा ओढलेला टाका ती भिंत कापत जातो. म्हणून दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या फेल्टचे तुकडे ठेवून गादीचा टाका (सुई एकदा पलीकडे नेऊन शेजारून परत आणलेला) घालतात. तालुक्याच्या थिएटरात फेल्ट कुठून येणार? रुग्णाच्याच पेरिकार्डियमची पट्टी कापून वापरा, उत्तम काम करते. गाठ रक्त थांबेल इतपतच. कडा टेकल्या की पुरे. आलिंदाची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याची, भिंत पातळ आणि दाब कमी, तिथे जखमेच्या दोन्ही कडा सॅटिन्स्की क्लॅम्पमध्ये धरून सलग शिवण घालता येते. जखम हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीला खेटून असेल तर टाका धमनीच्या खालून न्यायचा, म्हणजे धमनी मोकळी राहते. वरून गाठ मारली तर रक्त थांबेल आणि हृदयाचा झटका येईल.

फोलीचा फुगा कधी? बोटाला जागा पुरत नाही, किंवा बोट तिथेच ठेवून शिवता येत नाही तेव्हा. नळी आधी सलाइननं भरून चिमट्यानं बंद करायची, नाहीतर हवा आत जाते किंवा रक्त नळीतून वाहत राहतं. टोक आत सारून फुगा सलाइननं फुगवायचा, हवेनं नाही. फुटला तर हवा मेंदूत जाईल. मग अगदी हलका ताण. व्हिडिओत हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात दोन धोके आहेत. जोर लावला की फुगा भोकातून उपटून बाहेर येतो आणि दोन सेंटिमीटरची जखम चार सेंटिमीटरची होते. आणि शिवताना सुई फुग्याला लागली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सुई जाताना नळी किंचित आत ढकलावी. चामडी जोडायचा स्टेपलरही चालतो. वाहत्या, हलत्या हृदयावर पाच-सहा पिना मारून रक्त थांबवता येतं आणि नंतर सावकाश टाके घालता येतात. गोळीच्या फाटलेल्या जखमेवर मात्र तो टिकत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: छाती उघडण्याची साधनं, भूलतज्ज्ञ आणि रक्त नसताना फुगा घालता आला नसता. त्या रात्री तो पर्याय तुमच्याकडे नव्हताच.

सगळ्यात कसोटीची जखम मागच्या बाजूची. ती बघायला हृदय उचललं की मोठ्या शिरांना पीळ पडतो आणि ते थांबतं. म्हणून एकदम उचलायचं नाही. खाली एकेक ओला टॉवेल सरकवत इंच इंच वर आणायचं, दाब पडला की परत खाली ठेवायचं, सावरू द्यायचं, पुन्हा उचलायचं. काही वेळा वरची आणि खालची अशा दोन्ही महाशिरा मिनिट-दोन मिनिटं दाबून हृदय रिकामं करावं लागतं आणि तेवढ्यात टाका. भूलतज्ज्ञ तयारीचे असतील तर अ‍ॅडेनोसिन देऊन ठोके काही सेकंद थांबवतात. पुढून मागे आरपार गेलेला चाकू असू शकतो, म्हणून पुढची जखम शिवली की मागे हात फिरवून पाहायचाच. मोठ्या कोरोनरीचा वरचा भाग तुटला असेल, झडप फाटली असेल, तर मात्र मशीन लागतं आणि तिथे आमच्यासारख्यांची हद्द संपते. रक्त थांबवायचं, छाती झाकायची आणि पुढे पाठवायचं.

भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असतो, तरी असा रुग्ण थिएटरच्या एसीत थंडगार पडतो आणि गार रक्त गोठत नाही. मी आल्या आल्या एसी बंद करायला लावतो. सगळे घामाघूम होतात, होऊ दे. चार-पाच पिशव्या रक्त गेलं की कॅल्शियम, आणि लाल पेशींबरोबर प्लाझ्मा-प्लेटलेटही. नंतरच्या दिवसांत इकोकार्डिओग्राफी केल्याशिवाय घरी सोडायचं नाही. दोन व्हेंट्रिकलमधल्या पडद्याला पडलेलं छिद्र ऑपरेशनच्या वेळी कळत नाही. आठवड्यानं स्टेथोस्कोपमध्ये ठोक्यांबरोबर नवीन फुसफुस ऐकू येते तेव्हा कळतं.

पोलिसांच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की एमएलसीच्या (पोलीस प्रकरणाच्या) नोंदीत दहा मिनिटं गेली. 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय: आधी जीव, मग कागद. नोंद गाडी निघाल्यावरही होते. फक्त शर्ट कापताना चाकूच्या भोकातून कात्री नेऊ नका, बाजूनं कापा, आणि तो शर्ट कागदात गुंडाळून ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय, त्याच्या आईनं ‘डाक्टरसाहेब, मना पोर्‍या वाची ना?’ असं विचारलं तेव्हा काय सांगायला हवं होतं. मी सांगतो ते असं: ‘माय, हृदयाला लागलंय. तासाभरात छाती उघडता आली तर आशा आहे, म्हणून आत्ता निघतोय.’ जास्त बोलायला वेळ नसतो. आणि वेगळं वागला असता तर तो वाचला असता का, याचं प्रामाणिक उत्तर: नळी न टाकता, एकच सलाइन लावून, पहिल्या दहा मिनिटांत गाडी निघाली असती तर त्याला संधी मिळाली असती. खात्री मी माझ्या टेबलावर आलेल्यांचीही देत नाही.

तुमच्या पोस्टवरून दिसतं की तुम्हाला सर्जरीला जायचंय. तर एक करा. रविवारी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणा. मागताना ‘दिल’ म्हणा. काळीज मागितलंत तर तो पिशवीत यकृत बांधून देईल. अकरा नंबरच्या ब्लेडनं उजव्या व्हेंट्रिकलला भोसका आणि आत शिरणाऱ्या महाशिरेत नळी बांधून नळाचं पाणी सोडा. डाव्या हाताचं बोट भोकावर टेकवा आणि उजव्या हातानं, बोट न उचलता, गादीचा टाका घाला. पहिले दोन टाके भिंत कापून बाहेर येतील. तिसऱ्या-चौथ्या हृदयापर्यंत गाठ कुठे थांबवायची ते बोटांना कळायला लागतं. अडलं तर लिहा, टाक्याचा फोटो पाठवा.